नाबोथचा मळा आणि लेबनॉनचा द्राक्षारस

अभ्यासासाठी वाचन : १ राजे २१:१-१९, योहान १५:१-८, मत्तय २०:१-१६



मिस्सामध्ये अर्पणाच्या वेळी धर्मगुरू प्याला उचलतात, तेव्हा त्या प्रार्थनेत दोन गोष्टी शेजारी शेजारी येतात. एक, वेलीने दिलेले फळ आणि दुसरी, माणसाच्या हातांनी केलेले काम. हे शब्द आपण इतक्या वेळा ऐकले आहेत की त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही. शिवाय द्राक्षमळा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला तो नाशिककडे जाताना बसच्या खिडकीतून. त्यामुळे बायबलमध्ये पानोपानी भेटणारा द्राक्षमळा आपण नुसता दाखला म्हणून वाचतो. त्यामागची जमीन, मजूर, बेभरवशाचा हंगाम, लढाईची भीती हे काही डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून या पाठात आधी एक खरा मळा पाहू, एका कुटुंबाचा, आणि तिथे तयार होणारा तांबडा द्राक्षारस समजून घेऊ. वरचे तीन उतारे मग आपोआप जवळचे वाटतील.

हा मळा लेबनॉनमध्ये आहे. लेबनॉन म्हटले की आपल्याला गंधसरूची झाडे आणि शलमोनाचे मंदिर आठवते. पण होशेय संदेष्ट्याला मात्र तिथला द्राक्षारसही आठवला. देवाकडे परत आलेल्या लोकांच्या नावलौकिकाला त्याने लेबनॉनच्या द्राक्षारसाची उपमा दिली (होशेय १४:७). सोर आणि सीदोन ही बंदरे याच किनाऱ्यावर आहेत. प्रभू येशू त्या बाजूला गेला होता हे मार्क सांगतो (७:२४). किनाऱ्यापासून आत गेले की लेबनॉन पर्वत लागतो, आणि तो ओलांडला की बेका नावाचे लांबलचक खोरे. हे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर आहे. थंडीत आजूबाजूच्या डोंगरांवर बर्फ पडतो, उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नाहीच. द्राक्षाला आणखी काय हवे! याच खोऱ्यात बालबेक येथे रोमी लोकांनी दुसऱ्या शतकात बांधलेले, द्राक्षारसाच्या देवाचे म्हणून ओळखले जाणारे भव्य देऊळ आजही उभे आहे. आणि याच खोऱ्यात क्सारा येथे १८५७ साली येशूसंघीय धर्मगुरूंनी वेली लावल्या. तो मळा शंभराहून अधिक वर्षे संघाकडे होता, १९७३ मध्ये त्यांनी तो विकला.

आपला मळा मात्र घराण्याचा आहे. गास्तों होशार हा ख्रिस्ती तरुण १९३० साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, या धंद्यात उतरला. बैरूतच्या उत्तरेला गझीर गावी समुद्राकडे तोंड करून असलेल्या एका जुन्या गढीत त्याने द्राक्षारस करायला सुरुवात केली. नाव ठेवले शातो म्यूझार. वेली बेका खोऱ्यात आणि तळघर गझीरला, अशी ही विभागणी. मध्ये अख्खा लेबनॉन पर्वत. म्हणजे दरवर्षी तोडलेली द्राक्षे ट्रकने घाट चढवून, पुन्हा उतरवून किनाऱ्यावर आणायची. शांततेच्या दिवसांत हा काही तासांचा प्रवास. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे याच रस्त्यावर सगळे अडले.

गास्तोंचा थोरला मुलगा सर्ज फ्रान्समध्ये बोर्दो येथे हे शास्त्र शिकला आणि १९५९ पासून द्राक्षारसाची जबाबदारी त्याने घेतली. धाकटा रोनाल्ड पुढे हिशेब आणि विक्री पाहू लागला. एक भाऊ तळघरात, दुसरा बाजारात. आपल्याकडच्या वाडीवाल्यांना हे चित्र नवीन नाही.

१९७५ साली लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटले ते १९९० पर्यंत चालले. पंधरा वर्षे! एका गावातून दुसऱ्या गावात जाणेही जिवावरचे होते, मग द्राक्षांनी भरलेले ट्रक कसे जाणार? तरीही त्या सगळ्या काळात या कुटुंबाचा एकच हंगाम पूर्ण रिकामा गेला, तो १९७६ चा. १९८४ साली लढाईची आघाडी वेली आणि तळघर यांच्या मधोमध आली. ट्रक वाटेत दिवसच्या दिवस रखडले, आणि पोहोचले तेव्हा द्राक्षे गाडीतच आंबायला लागलेली होती. त्या वर्षाचा माल नेहमीसारखा बाजारात आणण्याजोगा नव्हता. पण त्यांनी तो टाकूनही दिला नाही. गंमत अशी की त्याच १९८४ साली लंडनच्या ‘डिकँटर’ या मासिकाने वर्षातील मानकरी निवडण्याची प्रथा सुरू केली आणि पहिला मान सर्ज होशार यांना दिला. पाच वर्षांपूर्वी, १९७९ मध्ये, ब्रिस्टल येथील मेळ्यात त्यांचा १९६७ सालचा तांबडा द्राक्षारस जाणकारांनी चाखला होता आणि तेव्हापासून नाव झाले होते. देशातले गिऱ्हाईक युद्धाने तोडले म्हणून त्यांना परदेशी जावे लागले, हेही खरे.

अनुवादाच्या पुस्तकात युद्धाचे नियम सांगताना एक लहानसे कलम येते. ज्याने द्राक्षमळा लावला पण अजून त्याचे फळ चाखले नाही, त्याला लढाईवरून घरी जाऊ द्यावे (अनुवाद २०:६). आपण हे वाचतो आणि पुढे जातो. वेल लावल्यापासून नीट फळ येईपर्यंत तीन-चार वर्षे जातात हे ज्याला माहीत आहे, त्याला त्या कलमातली दया कळते.

आता द्राक्षारस कसा होतो ते पाहू. बहुतेक तांबड्या द्राक्षांचा रस मुळात तांबडा नसतो, जवळजवळ पांढराच असतो. रंग असतो सालीत. म्हणून तांबडा द्राक्षारस करताना रस सालीसकट आंबवतात. म्यूझारचा तांबडा द्राक्षारस काबर्ने सोव्हिन्यों, सँसो आणि कारिन्यान या तीन जातींचा असतो. त्यातल्या कित्येक वेली चाळीस वर्षांहून जुन्या आहेत. जुनी वेल फळ कमी देते, पण त्यात चव उतरते असे शेतकरी मानतात. प्रत्येक जातीचा रस सिमेंटच्या हौदात वेगळा आंबवतात, आणि त्यासाठी विकतचे खमीर घालत नाहीत. फळावर आणि तळघरात जे निसर्गतः असते त्यावरच काम चालते. मग सुमारे वर्षभर ओक लाकडाच्या पिंपात. मग तिन्हींचे मिश्रण. मग बाटली, आणि बाटली भरल्यावरही ती लगेच विकत नाहीत, आणखी काही वर्षे अंधारात आडवी ठेवतात. हंगामापासून सातव्या वर्षी ती बाजारात येते. गाळून चकचकीत केलेली नसते, म्हणून तळाशी साका बसतो. यशयाने डोंगरावरच्या मेजवानीत जुना, मुरलेला द्राक्षारस वाढला जाईल असे म्हटले आहे (यशया २५:६). ते वाचताना ही सात वर्षे मनात असू द्यावीत. आणि १९७६ चा रिकामा हंगाम म्हणजे केवळ त्या वर्षीचे नुकसान नव्हे, सात वर्षांनंतरचे फडताळही रिकामे, हेही.

या द्राक्षारसाला कधी कधी किंचित शिरक्याकडे झुकणारा वास येतो. काही जाणकार याला दोष म्हणतात, काहींना तोच आवडतो. दरवर्षीची चवही वेगळी. ते सारखे करून टाकणे तंत्राला अवघड नाही, पण सर्ज होशार यांना ते नको होते. त्या वर्षाचे ऊन, वारा, पाऊस बाटलीत दिसले पाहिजेत असा त्यांचा हट्ट. २०१४ च्या डिसेंबरअखेर ते मेक्सिकोत वारले. आता तिसरी पिढी हा मळा सांभाळते. २००६ साली या मळ्याला सेंद्रिय शेतीचे प्रमाणपत्र मिळाले. लेबनॉनमध्ये हे नवीन होते, पण त्यांच्या शेतात विषारी फवारे आधीपासूनच फारसे नव्हते. त्याच २००६ च्या उन्हाळ्यात आणि पुन्हा २०२४ च्या शरद ऋतूत बेका खोऱ्यावर बॉम्ब पडले. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा तिथल्या तोडणीचा हंगाम.

इथे आपल्या नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्यांविषयी एक शब्द बोलले पाहिजे. परदेशातल्या सेंद्रिय मळ्याचे कौतुक ऐकले की आपण लगेच आपल्या शेतकऱ्याच्या फवारणीला नावे ठेवतो. बेकात उन्हाळाभर कोरडी हवा, म्हणून बुरशी कमी. आपल्याकडे ढगाळ हवा आली, अवेळी पाऊस पडला, की भुरी आणि केवडा रातोरात बाग खाऊन टाकतात. तिथे थंडीत वेल झोपते आणि वर्षातून एकदा छाटणी पुरते. इथे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीच्या काळजीविषयी सर्वांना साकडे घातले, पण त्यातच गरिबाचे आणि जमिनीचे दुःख एकत्रच ऐकायला सांगितले आहे. कर्ज काढून बाग जगवणाऱ्याला विषमुक्त शेतीचे प्रवचन सोपे असते. त्याची द्राक्षे चार रुपये जास्त देऊन घेणे जरा अवघड.

छाटणीचा विषय निघालाच आहे, तर योहान १५ उघडा. पिता माळी आहे, फळ न देणारा फाटा तो काढून टाकतो, आणि फळ देणाऱ्या फाट्याला छाटतो, असे प्रभू सांगतो. मूळ ग्रीक भाषेत इथे ‘छाटणे’ यासाठी आलेला शब्द ‘स्वच्छ करणे’ या अर्थाचा आहे, आणि पुढच्याच ओळीत शिष्यांना ‘तुम्ही शुद्ध झाला आहात’ असे सांगताना त्याच कुळातला शब्द येतो. मराठीत हा दुवा निसटतो. छाटलेली बाग ज्यांनी पाहिली आहे त्यांना विचारा : नुसते खुंट उरतात, वाटते की बाग मेली. आजारपण, नोकरी जाणे, मुलाचे बिनसणे अशा वेळी हा उतारा अनेकांनी सांत्वनासाठी वाचला आहे. तो वाचावाच. पण प्रत्येक संकट देवाने चालवलेली कात्रीच असते असे दुसऱ्याच्या घरी जाऊन सांगू नये. १९७६ ला रस्ते बंद झाले ते माळ्याने नव्हे, बंदूकवाल्यांनी केले.

आता मत्तय २०. ‘घराण्याचा मळा’ हा शब्द ऐकायला फार गोड लागतो, पण कुठलाही मळा एका घराण्याच्या हातांनी उभा राहत नाही. म्यूझारची द्राक्षे यंत्राने तोडत नाहीत, हाताने तोडतात, आणि ते हात असतात बेदूइन मजुरांचे. त्यांची स्वतःची जमीन तिथे नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते हंगामाला येतात. बाटलीवर नाव होशारांचे, आणि ते योग्यच आहे, पण प्रार्थनेत आपण ज्या ‘माणसाच्या हातां’चा उल्लेख करतो त्यात हे हात आधी येतात. प्रभूच्या दाखल्यात धनी स्वतः बाजारात जातो, पाच वेळा जातो, आणि संध्याकाळी कुणालाही रिकाम्या हाताने घरी पाठवत नाही. एक दीनार म्हणजे एका घराची एका दिवसाची चूल. शेवटी आलेल्यालाही चूल होतीच ना? नियमशास्त्रानेही मालकाला बजावले होते की मळा दुसऱ्यांदा झाडून नेऊ नका, राहिलेले फळ परक्याला, अनाथाला, विधवेला राहू द्या (अनुवाद २४:२१). आपल्या वाडीत, बांधकामावर, घरकामाला जे बाहेरगावचे हात आहेत, त्यांची मजुरी कोणत्या दिवशी मिळते, हा प्रश्न या उताऱ्याने आपल्याला विचारलेला आहे.

आणि नाबोथ. इज्रेल गावी अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. त्याने जबरदस्तीने सुरुवात केली नाही, हे नीट पाहा. बदल्यात याहून चांगला मळा देतो म्हणाला, नाहीतर रोख किंमत देतो म्हणाला. आजच्या भाषेत व्यवहार चोख होता. नाबोथने नकार दिला, कारण ती वाडवडिलांची ठेव होती. लेवीयच्या पुस्तकाप्रमाणे जमीन कायमची विकायची नसते, कारण ती देवाची आहे आणि आपण तिथे पाहुणे आहोत (लेवीय २५:२३). राजा रुसून भिंतीकडे तोंड करून निजला. मग ईजबेल राणीने सूत्रे हाती घेतली. ही सीदोनच्या राजाची मुलगी, म्हणजे त्याच लेबनॉन किनाऱ्याची. तिने राजाच्या नावाने पत्रे धाडली, त्यांवर त्याचीच मोहर उमटवली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, गावच्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या, आणि नाबोथला दगडमार झाला. सगळे कागदोपत्री! मला या कथेत अहाब-ईजबेलपेक्षा त्या वडीलधाऱ्यांचीच जास्त भीती वाटते. ते नाबोथला लहानपणापासून ओळखत असणार.

वसईत पानवेलींचे मळे होते, केळी होत्या, फुलबागा होत्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा विहिरींचे पाणी आणि वाड्या वाचवण्यासाठी आपल्याकडची माणसे रस्त्यावर आली होती. त्यानंतर पुष्कळ जमिनी गेल्या. ज्यांनी विकल्या त्यांना नाबोथची गोष्ट सांगून शरमिंदे करणे हा या पाठाचा हेतू मुळीच नाही. कुणाच्या घरी मोठे आजारपण होते, कुणाला मुलांना शिकवायचे होते, कुठे एका सात-बाऱ्यावर सतरा नावे आणि एकाही भावाला पोट भरण्याइतकी जमीन वाट्याला येत नव्हती. कित्येक घरांत तर बहिणींची सही घेतली गेली, पण त्यांना विचारले गेले नाही. होशार कुटुंबाने मळा टिकवला त्याचे एक कारण त्यांची श्रद्धा आणि चिकाटी, आणि दुसरे कारण सांगायला संकोच नको : एका बाटलीला चांगली किंमत मिळेल असा बाजार त्यांना सापडला. ज्या पिकाला भाव नाही ते केवळ भावनेवर तिसऱ्या पिढीपर्यंत जात नाही. म्हणून वाडी टिकावी असे ज्यांना वाटते त्यांनी तिथली भाजी, केळी, फुले कोण आणि कितीला विकत घेते याचाही विचार करायला हवा. चर्चच्या सणाला वेदीवर फुले कुठून येतात?

वेदीवरच्या द्राक्षारसाबद्दल काही जण विचारतात, म्हणून थोडे सांगतो. म्यूझारसारखी महागडी बाटली मिस्सासाठी लागत नाही. धर्मसभेच्या कायद्याप्रमाणे (कलम ९२४) द्राक्षारस द्राक्षांचाच, नैसर्गिक आणि न बिघडलेला हवा, एवढीच अट. शिरका झालेला चालत नाही, इतर फळांचा चालत नाही, त्यात भेसळ चालत नाही. तांबडा की पांढरा यावर बंधन नाही. पुष्कळ ठिकाणी पांढरा वापरतात, कारण वेदीच्या कापडावर डाग पडत नाहीत. २०१७ मध्ये रोमने जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून आठवण करून दिली की हल्ली हा द्राक्षारस दुकानातही मिळतो, तेव्हा तो शुद्ध आहे याची खात्री कुणीतरी केलीच पाहिजे. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही धार्मिक विधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला वाट ठेवलेली होती. सरकारलाही हा फरक कळला होता.

आणि तो फरक घरात कळावा. काना गावचे लग्न सांगून लग्नातल्या दारूचे समर्थन करणारे आपल्यात आहेत. कानात द्राक्षारस संपल्यामुळे यजमानाची अब्रू चालली होती, ती मरियेच्या लक्षात आली. आपल्याकडे कित्येक घरांची अब्रू आणि पगार दारू न संपल्यामुळे जातो. सिराकच्या ग्रंथात (३१:२५-३१) एकाच ठिकाणी द्राक्षारसाचे कौतुकही आहे आणि त्याने झालेला नाशही आहे. ज्या घरात एकाला हे व्यसन आहे तिथे ‘थोडा घेतला तर काय’ हा युक्तिवाद करू नये. तिथे थोडा नसतो.

या आठवड्यात समूहाच्या बैठकीत १ राजे २१ मोठ्याने वाचावा, शक्यतो दोन वेगळ्या आवाजांत. त्यानंतर घरातल्या वयस्करांना विचारावे की आपल्या आळीत पानवेल शेवटची कुणाच्या वाडीत होती, विहिरीला पाणी किती हातांवर लागायचे, आणि तोडणीला मजूर कुठून यायचे. तरुणांनी ते वहीत लिहून घ्यावे. जमिनीच्या वाटणीवरून ज्या घरांत बोलणे बंद आहे त्यांचा विषय बैठकीत काढू नये, पण प्रार्थनेत त्यांचे नाव मनात घ्यावे. पुढच्या पाठासाठी मत्तय २१:३३-४६ वाचून यावे. तिथेही मळा आहे, पण त्या मळ्यातले कुळ वेगळ्या तऱ्हेचे.